वेळापत्रकाचं रसग्रहण

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, तेव्हा साहित्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, असं आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला एकदा चारचौघांत ऐकवलं होतं. ते खरंच आहे. कादंबरी वाचून संपली की मला तिचं कथानक आठवत नाही, किंमत आठवते. पण एक ग्रंथ असा आहे, की त्यावर बोलण्याचा माझ्याइतका अधिकार त्या अध्यक्षांनासुद्धा नाही. गेली एकोणीस वर्षं मी तो रोज सकाळ-संध्याकाळ वाचतो आहे. एवढी पारायणं कुणी पोथीचीही केली नसतील. आणि पोथी वाचणाऱ्याला निदान शेवटी फळ तरी सांगितलेलं असतं.

तो ग्रंथ म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक.

माझ्याजवळची छापील प्रत जुनी आहे. मुखपृष्ठ कधीच गेलं. पहिली आठ पानं आमच्या सौभाग्यवतींनी डब्यांच्या तळाशी घातली आहेत, त्यामुळे मुंबईकडच्या गाड्या बघायच्या असल्या तर मला तूरडाळीचा डबा रिकामा करावा लागतो. नवी प्रत घ्यावी म्हटलं, तर आमच्या स्टेशनवरच्या स्टॉलवाल्याने पुस्तकं ठेवणंच सोडलं आहे. तो आता मोबाइलचे चार्जर आणि शेंगदाण्याची चिक्की विकतो. ग्रंथाचा खप थांबला, पण लेखन थांबलेलं नाही. ते चालूच आहे, आणि त्याचा समाचार पुढे घेतोच.

मी कोणत्या लाइनीबद्दल बोलतो आहे, ते मात्र विचारू नका. लाइन एकेरी आहे, गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि मला अजून चौदा वर्षं त्याच गाडीने जायचं आहे. एवढं पुरे.

आता प्रथम शैलीबद्दल. या ग्रंथाच्या लेखकाला एक गोष्ट फार उत्तम कळलेली आहे. थाप मारायची तर तपशिलाने मारावी. आपण सामान्य माणसं म्हणतो, ‘पावणेतीनची गाडी’. पावणेतीन म्हटलं की ऐकणारा आपणहून पाच-दहा मिनिटं सोडून देतो. पण लेखक लिहितो, ‘१४.४५’. ते वाचल्यावर वाटतं, हा माणूस स्वतः फलाटावर घड्याळ घेऊन उभा राहिला असला पाहिजे. आमच्या स्टेशनपुढच्या एका हॉल्टवर गाडीची वेळ १५.०७ अशी दिली आहे. त्या हॉल्टवर पत्र्याची एक शेड, एक लिंबाचं झाड आणि उन्हाळ्यात आटणारा एक नळ आहे. अशा ठिकाणी तीन वाजून सात मिनिटांनी नेमकं काय घडू शकतं? पण सातचा आकडा असा काही बसला आहे, की शंका काढायची हिंमत होत नाही.

आमच्याकडे कर्ज मागायला येणाऱ्यांतही हा प्रकार दिसतो. ‘दोनेक लाख द्या हो’ म्हणणारा माणूस बहुधा फेडतो. ‘एक लाख सत्त्याण्णव हजार चारशे’ म्हणणाऱ्याकडे आमचे शाखाधिकारी चष्मा काढून बघतात.

या वाङ्मयप्रकाराला परंपरा मोठी आहे. इंग्लंडात जॉर्ज ब्रॅडशॉ नावाच्या गृहस्थाने १८३९ साली आगगाड्यांच्या वेळा एकत्र करून छापायला सुरुवात केली. पुढे आपल्याकडे कलकत्त्याहून न्यूमन कंपनी इंडियन ब्रॅडशॉ काढू लागली. आपली पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे. एकवीस तोफांची सलामी झाली, चारशे पाहुणे बसले. ती किती वाजता सुटली? कुणी लिहितं साडेतीनला, कुणी लिहितं तीन पस्तीसला. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच गाडीच्या हिशेबात पाच मिनिटांचा फरक पडला तो पडलाच. आमच्या बँकेत पाच रुपयांचा फरक पडला तर रात्री आठ वाजेपर्यंत घरी सोडत नाहीत. ही पाच मिनिटं अजून कुणाला सापडलेली नाहीत.

इतिहासातला आणखी एक धागा मला स्वतःला सापडला आहे, तो विद्वानांपुढे ठेवतो. १ जानेवारी १९०६ पासून आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. पण मुंबईकरांनी ती मनावर घेतली नाही. शहराची स्वतःची वेगळी वेळ होती, ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत चालू राहिली. एकाच शहरात दोन घड्याळं, आणि दोन्ही खरी! आता, आमची सकाळची गाडी सरासरी चाळीस मिनिटं उशिरा येते. सरासरी मी स्वतः काढली आहे, कॉमर्सचा तेवढाच उपयोग. तेव्हा माझा निष्कर्ष असा, की आमची गाडी उशिरा येतच नाही. ती मुंबईच्या वेळेवर चालते. वर एक मिनिट काय ते थांबण्याचं. १९५५ चा निर्णय तिला कुणी कळवलेला नाही एवढंच.

हे मी शाखाधिकाऱ्यांना सांगून पाहिलं. त्यांनी बोट करून अंगठ्याचं यंत्र दाखवलं.

पूर्वी मस्टर होतं. मस्टरमध्ये माणुसकी असते. वरच्याने ‘९.५५’ लिहिलेलं असलं की खालच्यालाही ‘९.५६’ लिहायचं सुचतं. आता भिंतीवर यंत्र आहे, त्यावर अंगठा टेकला की ते सेकंदांसकट वेळ सांगतं. म्हणजे माझ्या आयुष्यात वेळेचे दोन ग्रंथ आहेत. एकात फक्त वेळ छापलेली आहे, पाळलेली नाही. दुसरा फक्त पाळतो, त्याला छापील वेळेशी देणंघेणं नाही. आणि या दोन ग्रंथांच्या मध्ये दहा मिनिटांचा पायी रस्ता आहे, तो मी एकोणीस वर्षं धावत पार करतो आहे.

आता रचनेकडे येतो, कारण या ग्रंथाची खरी कारागिरी तिथे आहे.

आमची सकाळची गाडी ज्या गावात मी उतरतो तिथे संपत नाही. ती पुढच्या जंक्शनला संपते. आमच्या गावापासून जंक्शन नऊ किलोमीटर. वेळापत्रकात या नऊ किलोमीटरांना एक्केचाळीस मिनिटं दिली आहेत. आता त्याच गाडीची परतीची पानं उघडा. जंक्शनहून निघून आमच्या गावी यायला तेच रूळ, तोच पूल, तेच नऊ किलोमीटर, आणि मिनिटं बारा! जाताना रूळ लांबतात की काय असं मला पहिली दोन वर्षं वाटत असे. मग बँकेत वार्षिक ताळेबंदाचं काम माझ्याकडे आलं, आणि लख्ख प्रकाश पडला.

ही तरतूद आहे. बुडीत आणि संशयित कर्जांसाठी आम्ही जशी तरतूद करून ठेवतो तशी. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की क्रॉसिंगसाठी एकीला लूप लाइनीत जाऊन उभं राहावं लागतं. मागून एक्स्प्रेस आली तरी पॅसेंजरच बाजूला होते. घरात पाहुणे आले की लहान मुलांना मागच्या खोलीत पाठवतात तशी. मालगाडी आली, रुळाचं काम निघालं, सिग्नल मिळाला नाही, की मिनिटं बुडतात. ही सगळी बुडीत मिनिटं भरून काढायला शेवटच्या टप्प्यात जादा वेळ राखून ठेवलेला असतो. गाडी वेळेवर आली की नाही, याचा हिशेब शेवटच्या स्टेशनवर मांडायचा अशी रीत आहे. वाटेत सगळ्या फलाटांवर चाळीस मिनिटांनी आलेली आमची गाडी जंक्शनला डुलत डुलत शिरते, आणि कागदोपत्री जवळजवळ वेळेवर पोहोचते.

मला यात हिशेबनीस म्हणून काही चूक काढता येत नाही. ताळेबंद जुळतो. वाईट फक्त एवढंच, की मी शेवटच्या स्टेशनवर उतरत नाही. डब्यातल्या शंभरांपैकी नव्वद माणसं शेवटच्या स्टेशनवर उतरत नाहीत. कादंबरीचा शेवट गोड केला म्हणून मधल्या प्रकरणात मेलेली पात्रं काही उठून बसत नाहीत. आम्ही मधली पात्रं.

नव्या आवृत्त्यांबद्दल दोन शब्द. २०२० सालच्या मार्चमध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या, त्यात आमचीही थांबली. पुढे ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या नंबराच्या आधी एक शून्य आलं होतं, म्हणजे ती ‘विशेष’ झाली होती. आता शून्य डावीकडे लावलं तर किंमत बदलत नाही, हे मी चौथीत शिकलो आणि बँकेत त्यावर पोट भरतो. पण हे शून्य वेगळं निघालं. ते डावीकडे लागलं आणि पॅसेंजरचं कमीत कमी दहा रुपयांचं तिकीट तीस रुपयांचं झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा दहावर आलं, हे कबूल केलं पाहिजे. मात्र जे थांबे त्या काळात गळाले त्यांतले सगळे परत आले नाहीत. आमच्या संध्याकाळच्या गाडीचा तो पत्र्याच्या शेडचा हॉल्ट तेव्हाच गेला. मोठ्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती काढताना संपादक गावंढळ पात्रं पहिली कापतो, तसंच.

मोबाइलवरची आवृत्ती तर मला मुळीच पसंत नाही. छापील पुस्तकात खोटं का होईना, एकदा लिहून दिलेलं असायचं. बँकेत आम्ही लिहून दिलेल्याला मानतो. वचनचिठ्ठी लिहून देणाऱ्याने पैसे दिले नाहीत तरी चिठ्ठी हातात राहते, ती घेऊन भांडता येतं. मोबाइलवर सव्वानऊला दिसतं, ‘गाडी २० मिनिटं उशिरा’. आपण चहा सांगतो. पाच मिनिटांनी दिसतं ३५. चहा येईपर्यंत ५०. चहा संपतो तेव्हा एकदम १०, आणि गाडी समोर उभी! आधी काय म्हटलं होतं, याचा मागमूस नाही. उधार घेणाऱ्याने आपलीच वही घरी नेऊन दुरुस्त करून आणावी, तसला हा प्रकार आहे.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, या कारकुनाला उशिराचाच राग आहे. तसं नाही, आणि इथेच माझं आणि इतर टीकाकारांचं जुळत नाही. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. १९९८ च्या २६ जानेवारीला तो सगळा मार्ग खुला झाला. तिथे पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं छापतात. कितीतरी वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं असायचं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं थोडं आखूड केलं. दरडी कोसळतात, पाऊस कोसळतो, फार झाला तर ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जायचं नाही असा दंडक आहे. तेव्हा गाड्या हळू चालणार, वेळ जास्त लागणार, हे आधीच लिहून मोकळे होतात. मला विचाराल तर सगळ्या रेल्वे वाङ्मयात ही आवृत्ती सरस. ‘मला उशीर होणार आहे’ असं पावसाच्या आधी सांगणारा माणूस मी वक्तशीरच समजतो. आमची गाडी रोज न चुकता चाळीस मिनिटं उशिरा आली असती, तर मी तिच्यावर हा लेख लिहिला नसता. मी घड्याळ चाळीस मिनिटं मागे करून घेतलं असतं आणि सुखाने जगलो असतो. चाळीस ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे सोमवारी दहा, मंगळवारी सत्तर. आणि मधूनच, वर्षातून चार-पाच वेळा, शून्य.

या ग्रंथाचा सगळ्यांत मोठा दोष तो आहे. तो कधीकधी खरा ठरतो.

गेल्याच्या मागच्या नोव्हेंबरची गोष्ट. नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनवाल्यांनी यायचं आणि आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायचं. त्या पत्र्याच्या शेडच्या हॉल्टवरून एक आजी येतात. त्यांचे यजमान कालव्यावर चौकीदार होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन आमच्या शाखेत जमा होतं. सकाळच्या गाडीत आमची गाठ पडते, मी त्यांना खिडकी देतो, त्या मला भुईमुगाच्या शेंगा देतात. त्या दिवशी गाडी पासष्ट मिनिटं उशिरा होती. माझा अंगठा यंत्राने लाल शाईत घेतला. आजींचा अंगठा दुसऱ्या यंत्राने घेतलाच नाही. सगळं आयुष्य खुरपणी आणि भांड्यांच्या राखेत गेलेलं, त्या अंगठ्यावर रेषा उरल्या नव्हत्या. चार वेळा टेकवला, चारही वेळा यंत्राने त्या हयात नसल्यासारखं केलं.

“आता कागदावर करू,” मी म्हटलं, “पण साहेबांची सही लागेल. साहेब जेवून येतील अडीचला.”

“मंग माझी पावणेतीनची गाडी घावंल का रं बाबा?”

त्यानंतरची गाडी संध्याकाळची, आणि ती त्यांच्या हॉल्टला थांबत नाही, हे मला माहीत होतं. तरीही मी एकोणीस वर्षांचा अभ्यास पणाला लावून, हसून म्हटलं, “आजी, ती गाडी सव्वातीनच्या आत आली तर माझं नाव बदला. बसा निवांत.”

आजी बसल्या. गृहकर्जाच्या जाहिरातीखाली, पिशवी मांडीवर घेऊन. साहेब अडीचच्या ऐवजी दोन चाळीसला आले, कारण आमचंही एक वेळापत्रक आहे आणि तेही दारावर छापून लावलेलं आहे. सही झाली. मी आजींना दारापर्यंत पोहोचवलं. स्टेशन माझ्या पायांनी दहा मिनिटं, त्यांच्या पायांनी पंचवीस. त्या वाटेतल्या मारुतीच्या देवळापाशी असताना गाडी आली. चौदा चव्वेचाळीसला आली आणि चौदा सत्तेचाळीसला गेली. जंक्शनहून सुटून नऊ किलोमीटर बारा मिनिटांत!

सव्वातीनला आजी परत काउंटरसमोर. एक शब्द बोलल्या नाहीत. मघाच्याच बाकड्यावर जाऊन बसल्या. कुणी भांडायला आलं तर मला सवय आहे, उत्तरं पाठ आहेत. न भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हे बँकेच्या कोणत्याच परिपत्रकात नाही.

मी त्यांच्या शेजाऱ्यांना फोन लावला. आजी येत नाहीत, शेरडी सोडा, नातवाला सांगा. शेजारीण म्हणाली, नातू तर शाळेतून थेट हॉल्टवर गेलाय आजीला आणायला. बघते कुणाला धाडून. आणि रेंज गेली.

संध्याकाळच्या गाडीने मी आजींना माझ्या घरी घेऊन निघालो. माझं गाव त्यांच्या हॉल्टच्या पलीकडे आहे. गाडी हॉल्टजवळ आली, वेग कमी झाला नाही. अंधार पडला होता. शेडखाली एक दिवा, त्याखाली दप्तर पाठीला लावलेलं एक आठ-नऊ वर्षांचं पोर उभं होतं. ते शाळा सुटल्यावर सव्वातीनला तिथे आलं असणार. तोवर दुपारची गाडी येऊन गेली होती, आणि ते पोरही माझ्याइतकंच जाणकार. गाडी आलीच नाही अजून, येईल, उशीर झाला असेल, असं समजून ते लिंबाखाली थांबलं होतं. आजींनी खिडकीच्या गजांतून हात काढून त्याच्या नावाने हाक मारली. त्याला काय दिसलं कोण जाणे. ते चार पावलं गाडीबरोबर धावलं आणि फलाट संपला.

रात्री घरी पिठलं-भाकरी झाली. फोन लागला होता, पोर शेजारच्यांकडे सुखरूप जेवून झोपलं होतं. आजींनी सौभाग्यवतींना भाकरी कशी पातळ थापायची ते दाखवलं, तेव्हापासून आमच्याकडे ती तशीच होते. मला मात्र झोप आली नाही. पिशवीतला तो दाखला काढून मी दोनदा तपासला. सही होती, शिक्का होता, तारीख बरोबर होती. त्यातल्या कशातही चूक नव्हती.

सकाळी आजींना सोडायला स्टेशनवर गेलो. गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती.

तेव्हापासून मी बँकेच्या एका बाद झालेल्या लेजरमध्ये रोज नोंद ठेवतो. एका रकान्यात छापील वेळ, दुसऱ्यात मोबाइलवरची, तिसऱ्यात गाडी खरी आलेली. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, हे कसलं खातं? मी म्हटलं, संशयित. ते हसले, पण नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या सह्या आता ते जेवायला जाण्याआधी करतात.

गेल्या नोव्हेंबरात आजी पुन्हा आल्या. नातू बरोबर होता. सगळं काम एक वाजता संपवून मी स्वतः दोघांना स्टेशनवर नेलं, दोन वाजता बाकड्यावर बसवलं आणि बजावलं, “इथून हलायचं नाही. गाडी वेळेवरसुद्धा येईल.”

त्या दिवशी ती चार पंचवीसला आली. शाखेचे व्यवहार बंद झाल्यावर मी स्टेशनवर डोकावलो तेव्हा ती दोघं तिथेच. शेंगांच्या टरफलांचा ढीग झाला होता. माझ्याकडे बघून आजी म्हणाल्या, “तुझं नाव काय ठेवायचं ते आता ह्यालाच ठरवू दे रं बाबा.”